भुंगा, पायनस आणि बोंद्रे सरांचा ट्रे

“भुंग्यात आणि पायनसच्या झाडात फरक काय, असं कोणी विचारतं का गं?” फिलू रडत रडत म्हणाली, आणि मी हसले.

मला वाटलं ती थट्टा करतेय. बारावीच्या बायॉलॉजीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सकाळची बॅच बाहेर पडत होती, आमची दुपारची बॅच व्हरांड्यात पांढरे ॲप्रन घालून ताटकळत होती. फिलोमिना डिसोजा, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण, खांबाला टेकून ॲप्रनच्या बाहीला नाक पुसत होती. तिला रडताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

“खरंच विचारलं?” मी म्हटलं.

“मग काय खोटं सांगतेय? ट्रेमध्ये एक काळा भुंगा होता, गेंड्यासारखं शिंग असलेला. आणि पायनसचं ते लाकडी फळ. म्हणाले, फरक सांग. मी म्हटलं, सर, एक उडतो आणि एक उडत नाही. तर म्हणाले, वर्षभर कॉलेजात येऊन हेच शिकलीस? की आलीच नाहीस?”

“अगं पण ते दोन्ही आपल्या जर्नलमध्ये नाहीतच!”

“तेच सांगायला गेले, तर म्हणाले, उलट बोलू नकोस.”

एवढ्यात अनघा सामंत बाहेर आली. तिचा चेहरा फुललेला होता. तिला जास्वंदीचं फूल आणि बेडकाचा सांगाडा आला होता, दोन्ही जर्नलच्या पहिल्या काही पानांतले. “सर एकदम चांगले आहेत,” ती म्हणाली, “घाबरू नका.” फिलूने तिच्याकडे बघितलं आणि ती परत रडायला लागली.

हे ‘सर’ म्हणजे तिरोडकर सर, बाहेरून आलेले परीक्षक, आमच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या कॉलेजातले. फूल कापणं, स्लाइड करणं हे सगळं आम्ही आमच्या लॅबमध्ये आमच्या बोंद्रे सरांसमोर करायचं, आणि शेवटी एकेकाने शेजारच्या खोलीत जाऊन तिरोडकर सरांना तोंडी परीक्षा द्यायची. त्या काळी मेडिकलचा प्रवेश बारावीच्याच मार्कांवर होत असे. एका मार्काने सीट जायची. मला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी घरात, दारात, नळावर, देवळात सगळीकडे सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आता मागे फिरायची सोय नव्हती. आणि लेखी पेपर कितीही चांगला गेला तरी प्रॅक्टिकलचे मार्क त्या बंद दाराआड एका माणसाच्या हातात होते.

बोंद्रे सरांबद्दल सांगायला हवं. ते शिकवायचे उत्तम. फळ्यावर खडूने हृदय काढलं की आता ते धडधडेल असं वाटायचं. पण दिवाळीनंतर ते वर्गात अर्धा धडा शिकवून पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, “उरलेलं क्लासला झालंय.” क्लास म्हणजे त्यांच्या घरच्या माडीवर चालायचा तो. वर्गातली बहुतेक मुलं जायची. मी आईला विचारलं तेव्हा ती मासे साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

“कॉलेजात शिकवता तोच आणि घराकडे शिकवता तोच,” ती म्हणाली. “मगे दोनदा कित्याक जावचा? कॉलेजात शिकवताना काय तेच्या तोंडात सुपारी असता?”

आमच्या घरातला विषय तिथेच संपला. फिलूच्या घरीही असंच काहीतरी झालं असणार. आम्ही दोघी उरलेलं पुस्तकातून वाचायचो, एकमेकींना विचारायचो. मी एकही प्रॅक्टिकल चुकवलं नव्हतं. कांद्याच्या मुळाची स्लाइड मला इतकी सुरेख जमली होती की बोंद्रे सरांनी सगळ्या वर्गाला रांगेने बोलावून माझ्या मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं होतं. “याला म्हणतात हात,” असं ते म्हणाले होते. ते वाक्य मी आठवडाभर तोंडात साखरेसारखं धरून ठेवलं होतं.

दुपारी आम्हाला लॅबमध्ये घेतलं. बोंद्रे सर शेजारच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या बाजूला बाक, आणि बाकावर पत्र्याचे पांढरे ट्रे. ज्याचा नंबर येईल त्याच्या हातात सर एक ट्रे द्यायचे, “हा घेऊन जा आत.” तो आत जायचा, दार लागायचं. काही वेळाने बाहेर येऊन ट्रे परत बाकावर ठेवायचा.

मी जास्वंद कापत होते. हात सवयीने चालत होता, डोळे बाकावर होते. भुंग्याचा ट्रे लगेच ओळखू येत होता. तो भुंगा मी जन्मापासून ओळखते. आमच्या वाडीत माडांवर तोच असतो. वडील शेंड्यापर्यंत चढून तारेच्या हुकाने त्याला ओढून काढायचे आणि वरून खाली टाकायचे, मग आमच्या कोंबड्या धावायच्या. लॅबमधल्या या भुंग्याचा एक मागचा पाय तुटलेला होता. त्याच्या शेजारी ते पायनसचं, म्हणजे हिमालयातल्या चीड वृक्षाचं, फळ, कुठल्या तरी जुन्या सहलीत कोणीतरी सिमल्याहून आणलेलं. आमच्यापैकी कोणी पायनसचं झाड जन्मात पाहिलेलं नव्हतं.

एक मुलगा उठला. सरांनी जास्वंदीचा ट्रे दिला. पुढची मुलगी उठली, तिलाही जास्वंदीचा. मग नाडकर्णीचा नंबर आला. सरांनी हात जास्वंदीकडे नेला, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि हात फिरवून भुंग्याचा ट्रे उचलला.

नाडकर्णी क्लासला नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. ट्रे परत बाकाच्या कोपऱ्यात गेला, बाकीच्यांपासून वेगळा. पुढच्या तीन-चार मुलांना तो मिळाला नाही. ते सगळे माडीवरचे. मग एक क्लासला नसलेली मुलगी उठली, आणि सरांचा हात बरोबर त्या कोपऱ्यात गेला. सकाळी फिलू. मी मनातल्या मनात एकेकाचं नाव घेतलं. माझ्या हातातलं ब्लेड फुलातून पार होऊन बाकाच्या लाकडात रुतलं होतं.

राग मला लहानपणापासून येतो. आईचा आहे तो, नाकाच्या शेंड्यावर बसलेला. पण त्या दिवशी आला तो वेगळा होता. तोंडातली साखर थुंकून टाकावीशी वाटली.

माझं नाव पुकारलं.

“सुनेत्रा केळुसकर. घे, हा घेऊन जा आत,” बोंद्रे सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

“सर, मला दुसरा द्या.”

“काय?”

“जास्वंदीचा द्या. सगळ्यांना दिलात तो.”

सरांनी आता मान वर केली. “परीक्षेत आवडनिवड चालत नाही, सुनेत्रा. मुकाट्याने घे.”

मी घेतला.

तिरोडकर सर गोरेपान, जाडसर, जेवून सुस्तावलेले होते. त्यांना बोंद्रे सरांच्या घरून डबा आला होता, खोलीत अजून तळलेल्या सुरमईचा वास होता. टेबलावर सोललेलं शहाळं. भिंतीलगत काचेच्या बरण्यांत साप, विंचू, दोन डोक्यांचं कोकरू. त्यांनी आधी ट्रेकडे बघितलं आणि मग सुस्कारा सोडला.

“बस. नाव सांग. हं. तर हा भुंगा आणि हे पायनस. दोघांतला फरक सांग.”

“कुठला फरक, सर?”

“कुठलाही. वर्षभरात एखाद्या दिवशी तरी कॉलेजचं तोंड बघितलं असशील ना?”

“मी रोज आलेय, सर. एकही प्रॅक्टिकल चुकवलेलं नाही.”

ते हसले. वाईट हसले नाहीत, आपल्या भाचीला हसावं तसे हसले. “सकाळपासून हा ट्रे घेऊन जो येतो तो रोज आलेलाच असतो. बाळ, बोंद्रे सरांनी मला आधीच सांगून ठेवलंय. वर्षभर प्रॅक्टिकल बुडवायची, जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवायचं आणि परीक्षेला ॲप्रन घालून हजर व्हायचं, अशी मुलं असतातच. ती मला कशी कळणार? म्हणून हा ट्रे. तोंडावर सांगून मुलांचा अपमान नको, असं त्यांचं म्हणणं. भला माणूस आहे.”

मी त्या भुंग्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की आम्हाला नुसता कठीण प्रश्न मिळतोय. तसं नव्हतं. आम्ही दार उघडून आत यायच्या आधीच आम्ही खोटारडे ठरलो होतो, आणि तो शिक्का आम्हीच आमच्या हाताने उचलून आत आणत होतो. फिलूनेसुद्धा दोन्ही हातांनी सांभाळून, तो भुंगा पडू नये म्हणून जपून आणला असणार.

“सांगते फरक,” मी म्हटलं. “हा भुंगा आमच्या माडांत असतो. माडाच्या शेंड्याला कोवळा कोंब असतो, अजून न उघडलेला. त्यात हा शिरतो आणि आतून खातो. बाहेरून काही दिसत नाही. पुढे ती झावळ उघडते तेव्हा कात्रीने कापल्यासारखी निघते. तोवर हा दुसऱ्या माडावर गेलेला असतो. याला स्वतःचं अन्न करता येत नाही. पायनस स्वतःचं अन्न स्वतः करतं, कोणाचा कोंब खात नाही. हा फरक आहे, सर.”

तिरोडकर सरांनी शहाळं बाजूला ठेवलं. “हे चांगलं सांगितलंस,” ते म्हणाले. “डोकं आहे तुला. मग प्रॅक्टिकलला का नाही आलीस?”

मला किंचाळावंसं वाटलं.

“आले होते! विचारा मला. जर्नलमधलं काहीही विचारा.”

त्यांनी विचारलं. आधी गंमत म्हणून, मग पुढे सरकून बसून. जास्वंदीचे पुंकेसर कसे जुळलेले असतात, बेडकाच्या मागच्या पायात कुठली हाडं, रक्ताची स्लाइड कशी पसरायची. मी सांगत गेले. कांद्याच्या मुळाची स्लाइड आली तेव्हा मी सांगितलं की आमच्या स्पिरिटच्या दिव्याची वात आखूड आहे, म्हणून काच ज्योतीवर जास्त वेळ फिरवावी लागते. “घरी बसून जर्नल उतरवणाऱ्याला वात आखूड असल्याचं कसं कळेल, सर?”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मी बोंद्रे सरांच्या क्लासला जात नाही,” मी म्हटलं. “सकाळची फिलोमिना जात नाही. नाडकर्णी जात नाही. हा ट्रे घेऊन जे जे आले त्यांतलं कोणीच जात नाही. बाहेर या आणि विचारा.”

मला वाटलं, आता हा माणूस उठेल. खुर्ची मागे सरकेल, दार उघडेल, बोंद्रे सरांना आत बोलावेल. मी सतरा वर्षांची होते, मला तसं वाटायचं. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. त्यांना सगळं पटलं होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग रुमालाने मान पुसली.

“पुढच्या आठवड्यात बोंद्रे सर आमच्याकडे येतायत परीक्षक म्हणून,” ते हळू आवाजात म्हणाले. “आमच्या मुलांचे मार्क त्यांच्या हातात असतील. कळतंय ना तुला?”

“नाही.”

“मोठी झालीस की कळेल. तुला मी पैकीच्या पैकी देतो. तुझ्यावर अन्याय होणार नाही. पण बाहेर एक शब्द बोलायचा नाही.”

“आणि फिलोमिना?”

“सकाळच्यांचं झालं ते झालं.”

“माझ्यामागे चौघं आहेत अजून. परुळेकर आणि आणखी तिघं, सगळे क्लासला नसलेले. त्यांनाही हाच ट्रे मिळणार.”

तिरोडकर सरांनी शहाळं उचललं आणि त्यात किती पाणी उरलंय ते बघितलं. “तू तुझं बघ, बाळ,” ते म्हणाले.

पैकीच्या पैकी. ते मार्क टेबलावर माझ्यासमोर ठेवलेले होते. मला नुसतं ‘बरं सर’ म्हणून उठायचं होतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर माझे ओठ हललेसुद्धा. पण ओठांतून काही निघायच्या आत माझा हात पुढे गेला होता. मी टाचणीसकट भुंगा उचलला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला. दुसऱ्या खिशात पायनसचं फळ कोंबलं.

“ए, हे काय? ठेव ते!”

“फरक सांगून झाला, सर,” मी म्हटलं. “आता त्यांचं इथे काय काम?”

रिकामा ट्रे घेऊन मी बाहेर आले आणि बोंद्रे सरांच्या पुढ्यात बाकावर आपटला. पत्र्याचा आवाज सगळ्या लॅबमध्ये घुमला. मायक्रोस्कोपवरची डोकी वर झाली.

सरांनी ट्रेकडे बघितलं. “भुंगा कुठाय?”

“उडाला, सर.”

कोणीतरी फिसकन हसलं.

“सुनेत्रा! पायनस कुठाय?”

“त्याच्यामागून गेलं.”

आता सगळी लॅब हसली, माडीवरची मुलंसुद्धा. बोंद्रे सरांचा चेहरा काळानिळा झाला. माझे दोन्ही खिसे टम्म फुगलेले त्यांना दिसत होते. मलाही ते दिसत होते. पण भर लॅबमध्ये मुलीच्या खिशात हात घालणार कोण? आणि काय म्हणून ओरडणार? त्या ट्रेवाचून परीक्षा अडते, असं सांगणार? टाचणी ॲप्रनमधून माझ्या मांडीला टोचत होती. मी हलले नाही.

“तुझं झालंय. जा तू,” ते दातांतून म्हणाले.

“माझं फूल राहिलंय आवरायचं.”

मी ते फूल आवरत राहिले. एक पाकळी उचलायची, ठेवायची, परत उचलायची. पुढचा नंबर परुळेकरचा होता. सदानंद परुळेकर, बोलताना अडखळायचा, पण गणितापासून बायॉलॉजीपर्यंत सगळ्यात आमच्यापुढे. बोंद्रे सरांचा हात बाकाच्या कोपऱ्यात गेला आणि तिथेच राहिला. ते खुर्चीतून अर्धे उठले, आत जाऊन काही सांगावं म्हणून. मी माझ्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होते. माझं बघून बाकीचेही बघत होते. कशाकडे बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, तरी बघत होते. सर परत बसले.

“हा घेऊन जा आत,” ते म्हणाले, आणि त्यांनी परुळेकरला जास्वंदीचा ट्रे दिला.

चौघांनाही जास्वंदच मिळाली. शेवटचा मुलगा बाहेर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

निकालात मला प्रॅक्टिकलला पास होण्यापुरते मार्क होते. मेडिकलची यादी माझ्या थोडी वरच थांबली. बाकी सगळ्या विषयांत उत्तम, हे कोणाकोणाला सांगत फिरणार? आईने मला एकदाही विचारलं नाही की तू खिशात का टाकलंस. तिने फक्त तो ॲप्रन धुतला, आणि टाचणीचं भोक शिवून दिलं. फिलूला नर्स व्हायचं होतं, तिचं नर्सिंग हुकलं. ती मुंबईला मावशीकडे गेली आणि तिथे साड्यांच्या दुकानात लागली. तिच्यासाठी मला काहीच करता आलं नाही, आणि तो राग अजून आहे तसाच आहे.

मी फार्मसी केली. तिठ्यावर माझं औषधांचं दुकान आहे, आता पंचवीस वर्षं होतील. भुंगा केव्हाच गेला. त्याला बारीक किडे लागले, डबी उघडली तर नुसती पूड आणि टाचणी. पायनसचं ते लाकडी फळ मात्र जसंच्या तसं आहे. गल्ल्याशेजारी बिलांवर वजन म्हणून ठेवलेलं असतं.

गेल्या फेब्रुवारीत बोंद्रे सर दुकानात आले. काठी टेकत, सावकाश. तीन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. मी ओळखलं, त्यांनी ओळखलं नाही. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या होत्या. चिठ्ठीवर डॉक्टर सदानंद परुळेकर असा शिक्का.

“आमचा विद्यार्थी बरं का,” सर अभिमानाने म्हणाले. “परुळेकर. माझ्या हाताखालून गेला.”

मी गोळ्या काढल्या, तारखा तपासल्या, कुठली सकाळी आणि कुठली रात्री ते पाकिटांवर लिहिलं. मग मी ते पायनसचं फळ उचलून काउंटरवर त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा सारखा केला. फळ हातात घेतलं, फिरवून बघितलं. “पायनस,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “वा! हे कुठून आणलंत? आमच्या लॅबमध्ये असंच एक होतं.”

“तेच आहे हे, सर. मी सुनेत्रा केळुसकर.”

त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी वाट बघत होते. बत्तीस वर्षं मनात घोळवलेलं सगळं ओठांवर येऊन थांबलं होतं. त्यांना काहीतरी आठवलंसं वाटलं आणि ते हसले. अगदी मनापासून, प्रेमाने हसले.

“केळुसकर! म्हणजे तू आपलीच,” ते म्हणाले. “क्लासला होतीस ना माझ्या?”

“नव्हते,” मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातून ते फळ काढून घेतलं.